करार झाला, सुधीर तिकडेच

मंगळवार संध्याकाळ, अमरावती

झाला एकदाचा करार. सुधीरची तैवानमधली कंपनी एलईडी दिव्यांच्या आतली चिप बनवते. ती चिप आपल्याकडच्या एका मोठ्या दिवे कंपनीला तीन वर्षं पुरवायचं आज पक्कं झालं. एवढं जमलं की तो कायमचा परत येणार होता. त्यासाठी मी मोझरीला जाऊन महाराजांच्या समाधीपुढे हात जोडून आले. आणि आता दिवे कंपनीचीच अट, की माल पुरा होईपर्यंत हाच माणूस तिथे हवा!

सह्या झाल्यावरचा फोटो पाठवलाय त्यानं. सगळे हसताहेत. त्याच्या कोटाची कॉलर एका बाजूनं वर राहिलीय. कुणीच कसं नीट करून दिलं नाही?

अकोल्याहून सासऱ्यांचा फोन आला. "लय मोठं काम केलं पोरानं! तू काहून रडून राहिली?" सर्दी झाली म्हटलं. मग पुन्हा फोटो उघडला. पुन्हा ती कॉलर.

कॉलेजातली नोकरी सोडवत नाही म्हणून तिकडे गेले नाही, असं मी सगळ्यांना सांगते. खरं कारण तेच का? की त्यानं कधी 'ये' म्हटलंच नाही, याचा राग?

शेवटी मीच त्याला फोन लावला. "बिनपगारी रजा टाकून तिकडे येऊ का?"

माझ्याशी नेहमी पुस्तकी बोलणारा सुधीर एकदम म्हणाला, "ये. मले एकट्याले नाही जमून राहिलं."

मी रजेचा अर्ज लिहायला घेतला. फोन मात्र कुणीच ठेवला नाही.