पाठीवरची शाळा

९ सप्टेंबर

पायांचे तुकडे पडले! दिवसभर निर्वासितांच्या वस्तीतल्या पत्र्याच्या खोल्या पालथ्या घातल्या आणि पदरात पडल्या जेमतेम चार मुलाखती. त्यातल्या दोन अर्ध्याच. एका घरात बाई रडायला लागली. दुसऱ्या घरी मधेच नळाला पाणी आलं आणि सगळं घर बादल्या घेऊन पळालं. मग मीही एक बादली उचलली. काय करणार!

दुभाषी भला माणूस आहे. स्वतःही तिकडूनच जीव मुठीत धरून आलेला, तिकडे कोर्टात कारकून होता. पण त्याची एक खोड आहे. समोरचा माणूस पोटतिडकीने कितीतरी वेळ बोलतो आणि हा मला सांगतो, ‘नाही म्हणतात.’ म्हटलं, अहो, एवढं सगळं बोलले त्याचं काय? तर म्हणे, ‘बाकी तेच ते हो मॅडम. सगळ्यांचं तेच असतं.’ मी पण दमले होते. पुढचं घर गाठायचं होतं. सोडून दिलं.

हा अभ्यास चालवणाऱ्या आमच्या सरांचा फोन. ‘अपंग मुलं शाळा का सोडतात, एवढंच धरून चला. फाटे फोडू नका.’ बरं.

११ सप्टेंबर

आज शाळेत गेले. वस्तीतली मुलं याच शाळेत येतात — येतात म्हणजे पटावर आहेत.

दारातच दोघी बहिणी दिसल्या. थोरली असेल चौदाची. पाठीवर धाकटी, आठ-नऊ वर्षांची, आणि पुढे गळ्यात धाकटीचं दप्तर. लहानपणी तापात धाकटीचे पाय गेले ते गेलेच. थोरलीने तिला बाकावर उतरवलं, पाय नीट सरळ करून दिले आणि स्वतः खाली फरशीवर, बाकाला टेकून बसली. शाळा सुटेपर्यंत तिथेच.

मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, ‘ती मोठी आमची नाही. दोन वर्षं नुसती ने-आण करते. मधे छोटीला बाथरूमला न्यायला कोणी लागतं, म्हणून बसू देतो.’

वर्गात गणित चाललं होतं. वर्गाच्या बाईंनी धाकटीला विचारलं. ती खाली बघते, थोरली त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटते, की धाकटी धाडकन उत्तर देते! मला वाटलं, कॉपी! मजा वाटली. धाकटीची माहिती लिहून घेतली. थोरलीबद्दल काहीच लिहिलं नाही. ती शाळेत नाही, अपंग नाही, माझ्या अभ्यासात बसतच नाही.

१६ सप्टेंबर

बहिणींच्या घरी मुलाखत. मुलींचे वडील तिकडेच राहिले, जिवंत आहेत की नाही माहीत नाही. आई जुन्या कपड्यांच्या गोदामात कपडे निवडायला जाते. घरात शब्द चालतो दिराचा. तो कामावर होता म्हणून निवांत बोलता आलं.

आमचा एक नियम आहे — मुलाखतीच्या वेळी भावंडं समोर नकोत, उत्तरांवर परिणाम होतो. थोरलीला बाहेर पाठवलं. उठताना तिने भिंतीचा आधार घेतला, कमरेवर हात ठेवला. म्हातारीसारखी उठते पोर! मी आईला विचारलं, हिची पाठ दुखते का? चाकाची खुर्ची मिळाली तर? आई खूप बोलली. हातवारे करून, एकदा दाराकडे बोट दाखवून. दुभाष्याने सांगितलं, ‘खुर्ची मिळाली तर बरंच आहे म्हणते.’

निघताना थोरली दाराशी उभी होती. शाळेची भाषा छान बोलते! ‘आत काय विचारलंत?’ म्हटलं, धाकटीच्या शाळेचं. ‘मग ते मलाच विचारायचं ना,’ म्हणाली. मी तिच्या गालाला हात लावला आणि हसले. किती गोड, असं वाटलं मला.

खुर्ची मिळवायचीच. आता हे डोक्यातून जात नाही.

२३ सप्टेंबर

खुर्चीसाठी तीन कचेऱ्या. पहिली म्हणते दुसरीकडे जा, दुसरी म्हणते साहेब रजेवर, तिसरी म्हणते आधी पहिलीचं पत्र आणा. डोक्याला नुसता ताप! सर ओरडले. ‘आपण माहिती घ्यायची, वाटप करायचं नाही.’ मनात म्हटलं, तुम्ही बसा तुमच्या केबिनमध्ये. त्या पोरीची पाठ तुम्ही बघितली नाहीत.

१४ ऑक्टोबर

आली!! लाल रंगाची, धाकटीच्या मापाची. गल्लीत ही गर्दी. पोरांनी चाकं फिरवून बघितली, एका आजीने सीट दाबून बघितली. समोरच्या खोलीतले आजोबा दारातूनच मान लांब करून बघत होते. पक्षाघात झाल्यापासून त्यांना उंबरा ओलांडता येत नाही. धाकटी मात्र अगदी ताठ बसली होती, फोटो काढायला बसवल्यासारखी. फोटो काढलाच म्हणा मी.

शाळेच्या पायरीवर सुताराकडून फळी टाकून घेतली आहे. गेटपासून पुढे शाळेतली आया खुर्ची ढकलणार, बाथरूमलाही तीच नेणार. मुख्याध्यापिका म्हणाल्या, ‘आता मोठीला आत थांबायची गरज नाही.’ मी जोरात मान हलवली. सुटली पोर एकदाची! माझा जीव भांड्यात पडला.

थोरली गेटाशी थोडा वेळ उभी राहिली, मग गेली. मला वाटलं, पाठ मोकळी झाल्याचं तिला अजून खरं वाटत नसेल.

२९ ऑक्टोबर

सरांना फोटो फार आवडला. अहवालाच्या मुखपृष्ठावर घेणार. मघापासून उगाच खूश आहे मी.

६ नोव्हेंबर

लिहवत नाहीये, पण लिहिते.

वस्तीतल्या दुसऱ्या एका बाईला भेटायला कपड्यांच्या गोदामात गेले होते. छतापर्यंत गठ्ठे, धूळ इतकी की बोलायला तोंड उघडलं की ठसका. बायका ढिगाऱ्यांपुढे वाकून लोकर एकीकडे, सुती दुसरीकडे, फाटकं तिसरीकडे टाकतात. एका ढिगाऱ्यापाशी त्या दोघींची आई. शेजारच्या ढिगाऱ्यापाशी थोरली.

मी जवळ गेले. ती हसली! म्हटलं, तू इथे कशी? ‘मग कुठे? आता माझं तिथे काय काम?’ हात चालूच होते तिचे. मग जरा थांबून, एक बाही उलटी सुलटी करत विचारते — ‘अपूर्णांक संपले का हो त्यांचे? बेरजेला आलो होतो.’

आलो होतो. ‘आले होते’ नाही की ‘ती आली होती’ नाही. मूर्ख, मूर्ख बाई मी! ती पोर दोन वर्षं शिकत होती तिथे फरशीवर बसून. माझ्या डोळ्यांसमोर.

८ नोव्हेंबर

आईला पुन्हा भेटले. दुभाष्याला बजावलं, आज एक शब्द गाळायचा नाही, ती शिंकली तरी सांगायचं.

आई म्हणाली: ‘मोठी धडधाकट आहे. तिला चार ठिकाणी काम मिळेल. हिला कोण देणार? हिला शिकल्याशिवाय गत्यंतर नाही, म्हणून हिची शाळा कोणीच बंद करणार नाही, दीरही नाही. मोठीला हिच्या निमित्ताने बसायला मिळत होतं. मी डोळेझाक करत होते. दिरांना सांगायचे, उचलून न्यायला कोणीतरी हवंच ना? आता ते म्हणतात, खुर्ची आली की! मी काय सांगू?’

मी दुभाष्याला विचारलं, हे सगळं ती तेव्हाही बोलली होती? तो खाली बघून म्हणाला, ‘थोडंफार.’

थोडंफार! वाटलं, तिथल्या तिथे झाडावा त्याला. पण थोरलीला नियमावर बोट ठेवून बाहेर कोणी काढलं होतं? त्याने नाही.

१५ नोव्हेंबर

आणखी एक. आज वर्गात बसले. धाकटी खुर्चीत, बाकाच्या कडेला, वहीवर नुसती तारीख. वर्गशिक्षिका म्हणाल्या, ‘हल्ली बोलतच नाही. आधी किती हुशार होती!’

कॉपी नव्हती ती. धाकटीला अजून शाळेची भाषा धड कळत नाही. थोरली खालून तिला सगळा वर्ग त्यांच्या भाषेत सांगत होती. गणित धाकटीच करायची, पण गणित आहे काय हे थोरली सांगायची. मी तिच्या पायांची सोय केली आणि कान काढून नेले. आता आया तिला वेळेवर बाथरूमला नेते. बाकी दिवसभर ती भिंतीकडे बघत बसते.

घरी येऊन जेवले नाही. माझ्या आईचा फोन आला तर तिच्यावरच खेकसले. बिचारी नुसती तब्येत विचारत होती.

१९ नोव्हेंबर

मुख्याध्यापिकांपुढे हात जोडले — थोरलीला दाखल करून घ्या. त्यांनी चहा मागवला. वाईट नाहीत त्या. म्हणाल्या, ‘वय जास्त, मागच्या शाळेचा दाखला नाही. खालच्या वर्गात घेता येत नाही, वरच्या वर्गात बसवता येत नाही. ने-आण करणारी म्हणून बसत होती तोवर मला कोणी विचारत नव्हतं. आता वरून कोणी आलं तर मी काय सांगू?’ आणि मग अगदी हळू, ‘खुर्ची तुम्हीच तर आणलीत ना?’

चहा तसाच टाकून उठले.

२२ नोव्हेंबर

सरांशी भांडण. म्हटलं, आपलं गृहीतकच या घरात उलटं पडलंय. अपंगत्वामुळे शाळा सुटली नाही, अपंगत्वामुळे दोघी शाळेत होत्या. शाळा सुटली ती आपल्या मदतीने. सर म्हणाले, ‘एका घरावरून निष्कर्ष काढतात का? तळटीप टाका.’ म्हटलं, मग मुखपृष्ठावरून तो फोटो काढा. ‘तो राहू दे. बोलका आहे.’

२७ नोव्हेंबर

थोरलीला सांगायला गेले की जमलं नाही. वाटेत शब्द जुळवत होते. ती घराबाहेर भांडी घासत बसली होती. मी बोलले, ती ऐकत राहिली. ‘बरं,’ म्हणाली. बस, एवढंच. चिडली असती, दोन शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. पण माझं बरं वाटणं तिने का बघावं?

म्हटलं, मी शिकवते तुला, दर रविवारी. ‘रविवारी तर जास्त गठ्ठे येतात.’ मग विचारलं, पाठ कशी आहे? वाटलं, निदान तेवढं तरी हाती लागेल.

‘दुखते की. ढिगाऱ्यापुढे वाकावं लागतं ना.’ तिने ताट पाण्यात बुडवून काढलं. ‘तेव्हाही दुखायची. पण तेव्हा शाळेत दुखायची.’

मी तिला माफ कर म्हणाले. खरंच म्हणाले, मोठ्याने. ती गोंधळली, उठून मला बसायला पाट दिला. आत धाकटी खुर्चीत बसून आमच्याकडे टक लावून बघत होती. किती कळलं तिला, देव जाणे.

४ डिसेंबर

धाकटी सोमवारपासून शाळेत नाही. पोट दुखतं म्हणते. आता हिचंही नाव गळतीत लिहू का मी?

१० डिसेंबर

सकाळी शाळेच्या गेटवर होते. रस्त्याच्या वळणावरून थोरली येताना दिसली — वाकलेली, घामेजलेली, पाठीवर धाकटी, पुढे दप्तर. धावतच गेले. खुर्ची कुठे? मोडली?

‘हिने दिली,’ थोरली धापा टाकत म्हणाली. ‘समोरच्या आजोबांना. कोणाला न विचारता, स्वतःच सरकत सरकत जाऊन. दोन वर्षांनी ते बाहेर उन्हात बसले. सगळी गल्ली जमली, सगळ्यांनी हिला आशीर्वाद दिले. आता आमचे काका खुर्ची परत कशी मागणार? लोक काय म्हणतील?’ पाठीवरून धाकटी माझ्याकडे बघत होती. हसत नव्हती. मी आता काय करते, ते बघत होती.

थोरलीची पाठ जाणार. मला माहीत आहे. तिलाही माहीत आहे. आणखी एक खुर्ची आणणं आता मला अवघड नाही, हे तिघींनाही माहीत होतं.

आत घंटा झाली. थोरलीने धाकटीला जरा वर उचलून घेतलं आणि म्हणाली, ‘सरका ना मॅडम, पहिलाच तास गणिताचा आहे.’

मी सरकले.