मनगटाला एक फेरा

सोम. १२ जाने.
रास अल खोरच्या वर्कशॉपमध्ये मंजनीक उभं राहिलं. जुन्या अरबी फौजेचं दगड फेकायचं यंत्र. पुढच्या महिन्यात वाळवंटात शो आहे, त्यासाठी. सुतारकाम सगळं माझं. लांब दांडा, एका टोकाला दहा दोर, दहाजणांनी ओढायचे. दुसऱ्या टोकाला गोफण. अकरावा ती धरून लोंबकळतो, दोर ताणले की सोडून देतो. सोडायचं तेवढं वेळेवर.

मंगळ. १३
सीरियाचे उस्ताद आले, इतिहास शिकवणारे. वाळूत काठीने फौज काढून दाखवली. पुढची तुकडी, उजवी बाजू, डावी, मधोमध सरदार, मग पिछाडी. दर दहा माणसांवर एक आरिफ. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ये तुम." दोरांवर पाकिस्तानी, बिहारी, बंगाली. गोफणीला महादू, पासपोर्टवर महादेव, आमच्याच वाडीतला, हर्णैला बोटीवर बारा वर्षं काढलेला. म्हणतो, "आरिफसाहेब, चहाचं बघा." मेला लेकाचा. पण बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

गुरु. १५
पहिल्यांदा फेकून बघितलं. पाच किलोची वाळूची पिशवी कुंपणापलीकडे गेली. मी समजत होतो शोभेची वस्तू करतोय. हे माणसं मारायला केलेलं होतं, आणि मी रंधा मारून गुळगुळीत केलं. उस्ताद खूष. शूटिंगवाला म्हणाला, उद्या परत, कॅमेरा लावून.

शुक्र. १६
लिहवत नाही. तरी...
महादू म्हणाला, घामाने गोफण निसटतेय. मी म्हटलं, "मनगटाला एक फेरा मार की, बोटीवर मारतोस तसा." मराठीत, त्यामुळे बाकी कुणाला कळलं नाही. त्याने मारला. मी 'यल्ला', ओढा, म्हणालो. दहाजणांनी ओढलं, आणि महादू गोफणीबरोबर वर गेला. दोन पुरुष उंच. मग खाली.
नुसती धरायची, बांधायची नाही, हे सगळ्यांना चार दिवस मीच बजावून सांगत होतो. माझ्या तोंडून ते गेलंच कसं?

शनि. १७
हॉस्पिटल. उजव्या मनगटाचा चुरा. डॉक्टर म्हणे, मूठ परत वळणार नाही. महादूने माझ्याकडे बघितलं. "घरी इतक्यात सांगू नको. आईला बीपी आहे." फेऱ्याबद्दल अवाक्षर नाही. शिव्या घातल्या असत्या तर जेवण तरी गेलं असतं.
ऑफिसात कुजबुज, महादूची स्वतःची चूक ठरली तर त्याला घरी पाठवणार. दुसऱ्या कुणाची ठरली तर त्या दुसऱ्याला. माझ्या दोन्ही पोरी कॉलेजात.

सोम. १९
सेफ्टी ऑफिसरने बोलावलं. केरळचा आहे, सज्जन माणूस. व्हिडिओ लावला. महादू दिसतो, पाठमोरा. मी चौकटीबाहेर. आवाज मात्र येतो, वाऱ्यात फाटलेला. माझाच, आणि ओळखू येत नाही.
म्हणाला, "ये मराठी है ना? हॉस्पिटल में महादेव बोला, आवाज उसका ही है. भगवान का नाम ले रहा था. तुम सुनके लिख दो, बराबर है क्या."
मला खुर्ची दिली. पाणी दिलं.
फॉर्म खोलीवर आणलाय, उद्या सकाळी आठला द्यायचा. माझं नाव, हुद्दा लिहून झाला. 'कोण बोलत आहे' ही ओळ अजून कोरी आहे.