दोन तारा आणि एक खोकला

पिस्कॅटवे, न्यू जर्सी
१७ नोव्हेंबर १९९६

चि. सौ. शरयूस,

सप्रेम जय भीम. तुझे गुडघे आणि तुझ्या मिस्टरांची साखर दोन्ही ताब्यात आहेत असं धरून चालते, कारण नसली तरी इथून मी काही करू शकत नाही. तुझ्या दादांच्या कॅसेटबद्दल मागच्या पत्रात लिहिलंच आहे. जयंतीला त्यांनी पेटीवर गाणी म्हटली, तू ती टेप केलीस, ठीक. पण माणूस जाऊन दोन वर्षं झाल्यावर त्याचा आवाज घरात फिरवू नये. शेवटचं वर्षभर मी त्यांचा खोकला ऐकला, तेवढा पुरे. पुसून टाक आणि त्यावर नातवाची बडबडगीतं भर. हा विषय संपला.

आता सोनल. तिला आपण कॉम्प्युटर शिकायला पाठवलं. शिकते, पण त्यावर गाणी चिरायला. आमच्या खालच्या मजल्यावर लिन नावाचे चिनी गृहस्थ एकटे राहतात, सत्तरीचे. ते अर्हू वाजवतात. अर्हू म्हणजे आपल्या सारंगीची उपाशी बहीण: मुठीएवढा लाकडी डबा, त्याला सापाचं कातडं, दोन तारा, आणि गज त्या तारांच्या मध्येच अडकवलेला, कितीही ओढा, सुटत नाही (संसाराचं इतकं नेमकं चित्र मी दुसऱ्या वाद्यात पाहिलेलं नाही). वाद्य मांडीवर उभं धरून ते वाजवतात तेव्हा कुणीतरी रडतंय असं वाटतं. मी रडण्याच्या विरोधात असले तरी ते रडणं सुरात होतं. सोनलनं काय करावं? त्या कातड्याला मायक्रोफोन चिकटवला, तारांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावले आणि म्हाताऱ्याकडून माझ्या स्टीलच्या ताटाच्या कडेवर एक सुटा गज फिरवून घेतला. (ताटावर ओरखडे आहेत. मी त्यातच जेवते.) लिन यांची वारलेली पत्नीही हेच वाद्य वाजवायची, तिची एक जुनी कॅसेट होती. तीही कॉम्प्युटरात घालून ताणली, उलटी फिरवली. मी म्हटलं, मेलेल्या बाईला तरी सोड. तर म्हणे, ‘आई, लिनकाकांना चालतंय. यू आर द ओन्ली वन विथ अ प्रॉब्लेम.’

काल युनिव्हर्सिटीत कार्यक्रम झाला. सोनलनं नागपूरकडची आठ-दहा मुलं दमदाटी करून आणली होती. पहिली वीस मिनिटं आम्ही सगळे शहाण्यासारखे बसून होतो, कारण आपल्याकडे वाद्यं लावायला वेळ लागतो. सत्यजित नावाचा मुलगा तर सवयीनं मानही हलवत होता. वीस मिनिटांनी कळलं की हाच तो कार्यक्रम. मग लिन यांनी गज थांबवला, सभागृह एकदम शांत झालं, आणि माझ्या मागेच कुणीतरी खोकलं. कोरडं, दोनदा. मी चौतीस वर्षं शाळेत काढली आहेत, त्यातली नऊ मुख्याध्यापिका म्हणून. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आग्नेस आम्हाला प्रार्थनेत खोकला गिळायला लावायच्या. मी मागे वळले आणि म्हटलं, ‘शू.’ चांगलं खणखणीत. मागची खुर्ची रिकामी होती. खुर्चीमागे स्पीकर होता.

मी लिन यांच्या बायकोला गप्प केलं होतं.

बाहेर त्यांची माफी मागायला गेले (मागते मी, वेळ आली की). त्यांचं इंग्रजी मोजकं. म्हणाले, वाजवण्याआधी ती नेहमी खोकायची. मग म्हणाले, ‘आय ऑल्सो से, शू.’ त्यांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला, आणि आम्ही दोघं सोनलच्या गाडीची वाट बघत उभे राहिलो. थंडी पुष्कळ होती.

एकूण, हा प्रकार म्हणजे संगीत नव्हे, हे माझं मत आहे आणि ते बदलायचं कारण मला दिसत नाही. मुलांना आशीर्वाद.

तुझी वहिनी,
गिरजा

ता. क. माझं ‘शू’ सोनलच्या रेकॉर्डिंगमध्ये आलं आहे. ती ते ठेवणार आहे म्हणे.

ता. क. २ कॅसेट पुसली नसशील तर तुझ्या शेजारचा रवी जानेवारीत इकडे परत येतोय, त्याच्याबरोबर पाठव. हातातल्या बॅगेत, सामानात नको. गाण्यांचं सोनल काय करायचं ते करील. मला पहिल्या गाण्याआधीचं हवं आहे, जिथे ते खोकतात आणि मी स्वयंपाकघरातून ओरडते.

ता. क. ३ पुसली असशील तर तसं कळवू नकोस. खोटं बोलणाऱ्या मुलींना मी वर्गाबाहेर उभं केलं आहे, तरी तू ‘कॅसेट सापडत नाही’ असंच लिही. मी विश्वास ठेवीन.