मागून टाच बघणारी

प्रिय ताई,

आधी तुझ्या गुडघ्याला नमस्कार, मग तुला.

मी मजेत आहे. वसंतातल्या डोंगरवाटांसाठी काल बूट घेतले. दुकानातल्या बाई म्हणाल्या, "जाड कशाला? वाटा कोरड्या आहेत. हलकेच घ्या, फक्त तळ खरखरीत हवा." चालून पाहिलं, पण टाच निसटते का ते मागून बघायला तू नव्हतीस. त्यांनाच बघायला सांगितलं. "छान," म्हणाल्या. 'बदक निघालं तळ्याला' असं कोणी चिडवलं नाही.

रोज सकाळी बूट घालते, जिन्यापर्यंत जाते आणि परत खोलीत येऊन बसते. डोंगर खिडकीतूनही बरा दिसतो.

डॉक्टर काय म्हणाले? तू येणार नसशील, तर मी एकटी जायला शिकेन. पण लगेच नाही म्हणू नकोस.

तुझीच,
धाकटी