लवंगांच्या बेटावर एकटा

पेंबा बेट, टांझानिया, १९७२

सुगराआपास चमनचा सलाम.

मी खुशाल हाय. तुझा गुडघा कसा हाय?

हितं दारोदारी लवंगा वाळत घातल्यात, सगळ्या बेटाला वास येतो. लहानपणापासनं माझ्याच ताटात जेवलेला, आता आमच्या जहाजाचा मुकादम झालेला बाबालाल बंदरावर म्हणाला, "जहाज उद्या सुटंल की! जा, बाजार बघून ये."

परतलो तर जहाज गेलतं. माझ्या जागी स्वयंपाकाला त्यानं हितं काम शोधत आलेला आपला मेव्हणा चढवला, असं हमाल म्हणाला. मला खरंच वाटंना.

एक कोळीण जेवू घालती. दुसऱ्या जहाजावर काम मिळंल.

बाबालाल आता आपल्या गावी कागलात पोचला असंल. मी बुडालो, असं तर त्यानं सांगितलं न्हाय ना? अम्मी रडत असंल तर आधी तिला हे वाचून दाखव.

तुझा जित्ता भाऊ,
चमन