शेवटचं रीळ

बाबा,

काल मोबाइलवर तो सिनेमा पुन्हा पाहिला. उडणाऱ्या माणसाचा दुसरा भाग, ज्यात तो अर्धा वेळ स्वेटर घालून शिलाई मशिनी दुरुस्त करत बसतो. अजूनही तितकाच विचित्र आहे.

पण त्यात तो मरतो, बाबा. कोसळता पूल खांद्यावर तोलतो, माणसं पार होतात आणि तो खालीच राहतो. मग आपल्या थिएटरात शेवटी तो गच्चीवरून हात हलवत उडून कसा जायचा? ते दृश्य तर मध्यंतराआधीचं निघालं.

प्रोजेक्टर तुम्ही चालवायचात. आई जाऊन महिनाच झाला होता. मी शाळा सुटली की थेट तुमच्या केबिनमध्ये. मालक ओरडले होते, "रिळं उलटसुलट लावता, शेवटचं लावायचंच विसरता, डोकं ठिकाणावर आहे का?" तुम्ही म्हणालात, "चुकलं, साहेब." आठवडाभर रोज चुकलं.

मला तुमची लाज वाटली होती. पुढे प्रत्येक भांडणात मी तेच काढलं, की तुम्हाला साधी रिळं लावता येत नव्हती. तुम्ही ऐकून घेतलंत.

हे पत्र पाठवणार नाही. तुम्ही म्हणाल, "काहीतरीच काय, चुकलंच होतं."

आज तुमच्या नातीने तोच सिनेमा लावायला सांगितला. तिचे बाबा अजून दवाखान्यातच आहेत. पूल हलायला लागला तशी मी मागे जाऊन गच्ची लावली.

"आई, तुला साधा मोबाइल चालवता येत नाही," ती म्हणाली.

"चुकलं गं," मी म्हटलं.

तुमची,
केबिनमधल्या स्टुलावरची