भाजलेल्या रव्याची काडतुसं

आदरणीय अंशुमनराव यांना हॅरोहून पुरुषोत्तमचा नमस्कार.

तुमचं ब्लडप्रेशर, मीनलवहिनींचा खोकला आणि तुमच्या कन्झर्व्हेटरीचं गळकं छप्पर, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडचं म्हणाल तर चार वाजता अंधार पडतो आणि त्याबद्दल कुणाची काही तक्रार दिसत नाही. तुमची बहीण तुमच्याकडे सुखरूप पोहोचल्याचं अन्वीने लीड्सहून कळवलं. (हॅरोतल्या बापाला तुमच्या इल्फर्डची बातमी मुलीकडून लीड्समार्गे मिळते.) आसावरी परत कधी येणार, किंवा येणार की नाही, हे तिला विचारायची सोय सध्या नाही, कारण ती माझा फोन उचलत नाही. एक बाजू तुमच्या कानावर आली असेलच. दुसरी तपशीलवार असावी म्हणून हे पत्र. ईमेलच करणार होतो, पण तुमचे ईमेल वहिनी आधी वाचतात.

मुळापासून सांगतो, कारण तुम्ही अकाउंटंट आहात आणि वाइल्डकॅट म्हटल्यावर तुम्हाला मांजर आठवेल. जे काडतूस कुठलाही कारखाना बनवत नाही, जे दुकानात मागून मिळत नाही, जे एखादा माणूस दुसऱ्याच मापाची पितळी पुंगळी घेऊन आपल्या हाताने घडवतो, ते वाइल्डकॅट. माझी आवडती तीन. एक, टू-टू-थ्री या कारखानी काडतुसाची मान आवळून वीस कॅलिबरची केलेलं. धक्का इतका कमी की ससा पडताना दुर्बिणीतून दिसतो. (सतरा कॅलिबरवालेही हेच सांगतात. त्यांची बॅरल सारखी घासत बसावी लागते, हे सांगत नाहीत.) दुसरं, बीआर या नेमबाजी स्पर्धेतल्या काडतुसाच्या बुटक्या पुंगळीवर बावीसची गोळी, कावळ्यांना चालतं, कागदी टार्गेटलाही चालतं. आणि तिसरं माझं स्वतःचं: ट्वेंटी-टू टू-फिफ्टीची मान सहा मिलिमीटरपर्यंत रुंद केलेलं, खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, चाळीस अंशांचा. वाऱ्याला जुमानत नाही. चेशमपलीकडच्या फार्मवर कोकरांच्या दिवसांत कोल्ह्यांसाठी तेच नेतो. अख्ख्या जगात ते एकाच रायफलमध्ये बसतं आणि ती माझ्या कपाटात आहे. यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. पुस्तकं वाचली, बिघडवलं, पुन्हा केलं. दिवसभर पेरोल सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या माणसाने हे केलं याचं घर सोडून सगळीकडे कौतुक झालं. (सगळीकडे म्हणजे शूटिंग क्लबात. क्लबात म्हणजे कीथने केलं.)

तर हा खांदा घडवायला पुंगळी रायफलच्या चेंबरमध्येच, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीतच, फुगवावी लागते. गोळी घालत नाहीत. थोडी बारूद आणि वर बारीक रवा. बार उडाला की रवा पितळेला आतून सगळीकडून दाबतो आणि पुंगळी चेंबरच्या मापाची होऊन बाहेर येते. अमेरिकन लोक त्यांच्या न्याहारीच्या लापशीचं पीठ वापरतात, मी ईलिंग रोडच्या आपल्या वाण्याकडचा रवा वापरतो. गॅरेजमध्ये त्याचा स्वतंत्र डबा आहे आणि त्यावर दोन भाषांत ‘हात लावू नये’ असं लिहिलेलं आहे. आसावरीला त्यात पोरकिडे दिसले. तुमच्या घरची पद्धत तुम्हाला ठाऊक आहेच: रवा आला की आधी भाजायचा, मग भरायचा. तिने माझा रवा चाळला, चमचाभर तुपावर खमंग भाजला, गार केला आणि त्याच डब्यात परत भरून ठेवला. मला सांगितलं नाही. (तिच्या म्हणण्याप्रमाणे सांगितलं होतं आणि मी ‘हं’ म्हणालो होतो. असेल. मी तेव्हा पुंगळ्यांच्या मानांची जाडी मोजत होतो.) रवा जरा तांबूस वाटला खरा, पण मी दोष गॅरेजच्या बल्बला दिला.

शनिवारी रेंजवर पहिला बार टाकला आणि शिऱ्याचा वास सुटला. हलका नाही, सत्यनारायणाच्या घरी जिन्यातच लागतो तसा. कीथ हा आमचा रेंज ऑफिसर. तो नाक वर करून आला आणि कुणी केक आणलाय का म्हणून विचारू लागला. मी नेटाने पुढचे बार टाकत राहिलो. तुपकट रव्याचा गोळा होतो हे कुठल्याही पुस्तकात नाही, कारण पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या घरी रवा भाजत नाहीत. खांदे सगळे अर्धवट आले आणि एक पुंगळी चेंबरमध्ये अशी बसली की रायफलचा बोल्ट, म्हणजे मागची खिट्टी, उघडेना. कीथने शूटिंग थांबवलं. सगळ्यांनी रायफली खाली ठेवल्या आणि हाताची घडी घालून माझ्याकडे पाहत उभे राहिले. आत नक्की काय आहे, असं त्याने विचारलं. खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही. आता माझ्या काडतुसाला क्लबात ‘सिक्स एमएम पुडिंग’ म्हणतात.

घरी आलो तर आसावरीची भिशी. हॅरो-वेम्बलीच्या बायका, हातात बशा. (बशांत शिराच होता. याला मी काय करणार?) मी डबा मधोमध टेबलावर ठेवला आणि बोललो. काय बोललो ते तुम्हाला कळलं असेल; शब्द तेच होते, आवाज मात्र बायका सांगतात त्यापेक्षा कमी होता. आशय इतकाच, की जिला दोन भाषांत लिहिलेलं वाचता येत नाही तिने स्वयंपाकघराबाहेर पडू नये. बायका आपापल्या बशीत बघत बसल्या. आसावरी टेबलाला धरून उठली आणि सावकाश म्हणाली, “तुम्हाला पितळेतला केसाएवढा फरक दिसतो. मी जिना एकेक पायरी बसून उतरते, ते नाही दिसलं.” मग तिने बॅग भरली. मी वर गेलो नाही, अडकलेली पुंगळी काढत होतो. पुंगळी निघाली तेव्हा दार लागल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी अन्वीचा फोन. “बाबा, आईची गुडघा मार्चपासून बॅड आहे. सगळ्यांना माहीत आहे. कीथला पण माहीत आहे! बार्बेक्यूला त्याने तिला खुर्चा आणला होता.” पोरीचं मराठी इथलं आहे, व्याकरण सोडून द्या, मुद्द्यात मला चूक काढता आली नाही. ती खुर्ची मला आठवते. मी तिच्यावर माझी दुर्बिणीची पेटी ठेवली होती.

असो. मी बरा आहे. टोस्ट खातो. घर इतकं शांत आहे की बॉयलर सुरू झाला तरी कुणी आल्यासारखं वाटतं. आसावरीने घाईने परत यावं असं माझं मुळीच म्हणणं नाही. तिने तुमच्याकडे हवं तितकं राहावं, गुडघ्याला आराम द्यावा. घडलं ते जसंच्या तसं तुमच्यापुढे असावं, एवढाच या पत्राचा हेतू.

तुमचा,
पुरुषोत्तम

ता. क. – एक अडचण आहे. माझं फायरआर्म सर्टिफिकेट रिन्यू व्हायचंय आणि त्यासाठी गुरुवारी पोलिसांकडचे ऑफिसर घरी येणार आहेत. ते बायकोशीही बोलतात. तेव्हा गुरुवारी आसावरी इथे असणं आवश्यक आहे. ती माझ्याबद्दल जे सांगेल ते मला मान्य राहील, हेही तिला सांगा.

ता. क. २ – जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवला आहे. उंची तिच्या कोटाच्या बाहीवरून घेतली, बरोबर असावी. हे ती विचारेल तरच सांगा.

ता. क. ३ – पाकीट बंद करताना ऑफिसरचा फोन आला. त्यांची भेट पुढच्या महिन्यावर गेली. हे आसावरीला कळवू नका, गुरुवार गुरुवारच राहू द्या. तिला फॅरिंग्डनला ट्रेन बदलायला सांगा, लिव्हरपूल स्ट्रीटला नको, तिथे आमच्या लाइनला पायऱ्या आहेत. मी आज जाऊन दोन्ही स्टेशनं पाहून आलो.